लाल कमी करा

साल १९९८, लग्नसराई संपत आलेली, वार शुक्रवार. हजर: मी, माझे यजमान, अंजूरहून आलेले नवरीचे वडील, नवरीची आत्या, आणि चार दिवस माहेरी आलेली नवरी. नवरदेव गैरहजर, कंपनीत ड्युटी. जागा: आमचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान, भिवंडी, लूमच्या कारखान्यावरचा पहिला मजला. काम: लग्नाची कॅसेट पास करणे.

पास करणे ही आमच्या धंद्यातली रीत. लग्नाचं शूटिंग कापून-जोडून, गाणी घालून, फुलांच्या चौकटी लावून झालं की पक्क्या कॉपी काढण्याआधी घरच्यांना बोलवायचं. ते बसून सगळं बघतात, कोण जास्त दिसतंय आणि कोण राहिलंय ते सांगतात, रुसलेल्या मामाला आत घ्यायला लावतात. मग आम्ही दुरुस्त्या करायच्या. ही बैठक मी शुक्रवारीच ठेवत असे. शुक्रवारी लूम बंद. इतर दिवशी खालच्या खडखडाटात सनई ऐकू येत नाही, आणि व्होल्टेज असं वरखाली होतं की कॉम्प्युटर मधेच मान टाकतो.

मी चहा दिला, दुरुस्त्या लिहायला कागद घेतला आणि यांनी कॅसेट लावली.

हळद संपेपर्यंत आत्या खूश होत्या. त्यांच्याकडची हळद म्हणजे लग्नाहून मोठी. बँजोवर कोण कसं नाचलं, कोणाची टोपी पडली, सगळं त्या पडद्यावर बोट ठेवून दाखवत होत्या. पिवळ्या रंगात सगळं चालून गेलं. मग नवरी शालू नेसून मांडवात आली आणि आत्यांचा कप तसाच हातात राहिला.

"दादा, आपली पोर येवरी लाल कवा होती?"

"मेकअप असंल," वडील म्हणाले.

"मेकअप मीच पुसला तिचा. आनि भटजी पन लाल हाय. भटजीला कुनी मेकअप केला?"

नवरी पदरात तोंड घालून हसायला लागली.

"हसतंस काय? तुझा काका बघ. जलमभर उन्हात शेती केलेला मानूस, पार गाजर केलाय त्याचा."

हे शांतपणे उठले. टीव्हीचा रंग वर असेल म्हणाले आणि बटण फिरवून कमी केला. चेहरे जरा माणसात आले, पण शालू मळकट झाला, आणि कॅसेट मागे नेऊन पाहिली तर हळद पांढरी पडलेली.

"आता हळद मेली," आत्या म्हणाल्या.

"काकू, टीव्हीवर जाऊ नका. इकडे मॉनिटरवर या. खरा रंग इथे दिसतो," असं म्हणून यांनी त्यांना कॉम्प्युटरजवळ नेलं. आत्यांनी डोळे बारीक केले.

"हितं तर आनखी लाल हाय."

हे मॉनिटरकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघून हसले, म्हणजे काय करायचं या बाईचं, अशा अर्थाने. मी मॉनिटर पाहिला. बाईचं खरं होतं.

आवाज ऐकून खालचे चाचा वर आले. चाचा म्हणजे कारखान्याचे आणि आमच्या जागेचे मालक. पिढ्यानपिढ्या भिवंडीचे, मराठी आमच्यासारखीच, पण थट्टा करायची झाली की हिंदी. आमची अडचण ऐकून त्यांनी घरचा टीव्ही मागवला, सौदीहून आलेला, दोघांनी उचलून आणला. त्यावरही तेच. चाचांनी दाढीवरून हात फिरवला.

"मियाँ, ये रंग किससे करवाया? अपना डाइंगवाला भी इतना पक्का नहीं देता."

सगळे हसले. हे पण हसले. जाताना आत्या मला म्हणाल्या, "बाकी झकास हाय. फकस्त लाल कमी करा." मी कागदावर तेवढंच लिहिलं.

इथे आमचं थोडं सांगायला हवं. हे आधी एका सायझिंगच्या कारखान्यात ऑफिसात होते. सुतावर खळ चढवायचा कारखाना, दिवसभर वाफ. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर यांनी कुणाकडून तरी जुना व्हिडिओ कॅमेरा घेतला आणि सुट्टीच्या दिवशी खारबाव, अंजूर, पूर्णा अशी लग्नं करायला लागले. कॅमेरा यांच्या खांद्यावर, दिव्याची वायर माझ्या हातात. नंतर दोन व्हीसीआर समोरासमोर ठेवून एकावरून दुसऱ्यावर कापाकापी. तारखा, नावं, मानपान, कोणाकडून किती कॅसेटी, हे सगळं माझ्याकडे. मला याद्या करायची सवय आहे, ती तेव्हापासूनची. नव्वदनंतर लोकांना नुसतं शूटिंग पुरेना. नवरा-नवरी धबधब्यासमोर हवेत, बर्फात हवेत, कमळातून वर यायला हवेत. तेव्हा आम्ही कॉम्प्युटर घेतला.

कॉम्प्युटरने या माणसाला वेड लावलं. जेवायला बोलवायला वर दुकानात जावं तर म्हणायचे, "अगं, आधी हे बघ." एकदा यांनी मला एका नवरीचं चित्र दाखवलं आणि तीन बटणं एकामागून एक दाबली. प्रत्येक वेळी चित्र काळं-पांढरं झालं, पण प्रत्येक वेळी निराळं. पहिल्यात चेहरा दुधासारखा, शालूही पांढराफेक. दुसऱ्यात चेहरा ठीक, शालू काळा. तिसऱ्यात चेहऱ्यावरची हळद शाई फासल्यासारखी.

"हा लाल चॅनेल, हा हिरवा, हा निळा," हे म्हणाले. "रंगीत चित्र असं काही नसतंच. तीन काळी-पांढरी चित्रं असतात, एकावर एक. रंग म्हणजे त्यांच्यातला फरक."

मागे निळा पडदा लावून शूटिंग करायचं आणि मग तो पडदा काढून धबधबा घालायचा, हे काम यांचं खास. पडद्याचं कापड चाचांच्या लूमवरचं, डाइंगमध्ये निळं करून घेतलेलं. डाग-डाग आलं होतं. त्यामुळे सरळ हिशेबाने निघायचं नाही, नवरीच्या कानाभोवती निळी कड राहायची. हे निळ्या चॅनेलमधून लाल वजा करायचे, निळा जिथे हिरव्यापेक्षा वर गेला असेल तिथे त्याला हिरव्याइतका खाली आणायचे, आणि कड नाहीशी व्हायची. केसाचा एक-एक तंतू सुटा दिसायचा. आसपासची दुकानं नुसती कात्रीने कापल्यासारखी माणसं चिकटवायची. आमच्याकडची नवरी खरंच धबधब्यासमोर उभी असायची. आमचं घर या कामावर चालत होतं, आणि हे या कामावर जगत होते. दोन्ही खरं.

त्या लग्नसराईच्या आधीच्या दिवाळीत यांना खोकला लागला. भिवंडीत खोकल्याला कोणी विचारत नाही, हवेत कापसाची तूस असते, सगळेच खोकतात. संध्याकाळचा ताप यायला लागला तेव्हा मी दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, टीबी निघाला. डॉक्टरांनी गोळ्यांची चळत दिली आणि मला बजावलं की एकही दिवस चुकता कामा नये. मी वेळापत्रक करून स्वयंपाकघरात लावलं. सकाळी उपाशीपोटी कोणत्या, नाश्त्यानंतर कोणत्या. हे कुरकुरायचे, मी समोर उभी राहून घ्यायला लावायची. एकही गोळी चुकली नाही. थंडी सरेपर्यंत ताप गेला, खोकला गेला, वजन भरलं, हे कॅमेरा घेऊन पुन्हा मांडवात उभे राहिले. सगळे म्हणाले, बाईने नवरा परत आणला.

तर अंजूरच्या आत्या गेल्या आणि हे कामाला लागले. म्हणजे नवरीच्या नाही, मशीनच्या. यांचं म्हणणं साधं होतं. मॉनिटर लाल रंग कमी दाखवतोय, म्हणून आपण लाल वाढवत गेलो, म्हणून कॅसेटवर तो जास्त उतरला. मला पटलं. आत्या मॉनिटरवरही लाल म्हणाल्या, मलाही तो लाल दिसला, त्याचं काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "तुम्हाला सवय नाही बघायची."

मी संशयितांची यादी केली. व्होल्टेज. स्टॅबिलायझर. वायर. कॉम्प्युटरच्या आतलं कार्ड. मॉनिटर. व्हीसीआरचं हेड. एकेक तपासून काट मारायची, अशी माझी पद्धत. स्टॅबिलायझर बदलला. वायर नवी आणली. कार्ड काढून पुसून बसवलं. हेड साफ केलं. मॉनिटरसाठी कल्याणहून दुरुस्तीवाले बोलावले. त्यांनी पडद्यावर रंगांचे उभे पट्टे आणले, पांढरा, पिवळा, आकाशी, हिरवा, जांभळा, लाल, निळा, आणि मागे सरकून बघितलं.

"काही नाही झालं याला."

"लाल पट्टा मातकट दिसतोय," हे म्हणाले.

दुरुस्तीवाल्यांनी पुन्हा बघितलं, मग माझ्याकडे वळले. "वहिनी, तुम्हाला?"

"लाल आहे," मी म्हटलं.

"तिला काय विचारता? ती हिशेब बघते," हे म्हणाले.

असं हे कधी बोलत नसत. दुरुस्तीवाले हत्यारं गोळा करत म्हणाले, दुसरीकडे दाखवा. आम्ही मॉनिटर रिक्षात मांडीवर घेऊन ठाण्याला नेला. तिथल्या दुकानाने ठेवून घेतला आणि तसाच परत दिला. यांचं म्हणणं, त्यांनी उघडलाच नाही.

पुढच्या शुक्रवारी आत्या एकट्याच आल्या. यांनी लाल कमी केला होता, असं हे म्हणाले. केला असेलही, पण मग डोळ्याला बरं दिसेना म्हणून पुन्हा वाढवला असणार. आत्यांनी पाच मिनिटं पाहिलं आणि पिशवी उचलली.

"तुमी माजं ऐकलंच न्हाय. एक लाल कमी करायला सांगितला व्हता, मी काय सोनं मागितलं?"

मी त्यांना जिन्यापर्यंत सोडायला गेले. पाठोपाठ आणखी दोन कॅसेटी परत आल्या, एक खारबावची, एक गावातलीच. चहाच्या टपरीवर आम्हाला 'लाल नवरीवाले' म्हणायला लागले होते. हे मला चाचांनी सांगितलं, आणि या वेळी ते मराठीत बोलले. "भाभी, मशीन नाही बिघडलं. मी रोज कापड बघतो, मला रंग कळतो. तुम्ही यांना कुठेतरी दाखवा." कुठे दाखवा, ते त्यांना सुचलं नाही. मलाही नाही. मला वाटलं, आजारपणानंतरचा थकवा असेल. मी दुधात बदाम सुरू केले.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी यांनी मला वर बोलावलं. लूम बंद, सगळीकडे शांत. मॉनिटरवर अंजूरची नवरी मांडवात उभी होती, थांबवलेली. हे खुर्चीत सरळ बसले होते.

"इथे बस. विचारीन तेवढंच सांग."

मी बसले. यांनी लाल चॅनेलचं बटण दाबलं. काळं-पांढरं चित्र, शालू पांढराफेक.

"शालू कसा दिसतो?"

"पांढरा."

"मलाही." हिरवा चॅनेल. "आता?"

"काळा."

"मलाही. म्हणजे मशीनच्या आत शालू लालभडक आहे. लाल चॅनेल भरलेला, हिरवा रिकामा. त्याहून जास्त लाल करताच येणार नाही." मग तिन्ही चॅनेल एकत्र केले. "आता सांग."

"लाल," मी म्हटलं. "फार लाल."

 यांनी माउस माझ्याकडे सरकवला. कोणत्या चॅनेलच्या जागी कोणता जोडायचा याची एक चौकट असते. लालच्या जागी हिरवा, हिरव्याच्या जागी लाल, अशी अदलाबदल करायला सांगितली. मी केली.

पडद्यावर सगळं हिरवं झालं. शालू पोपटी हिरवा, नवरीचं तोंड शेवाळाचं, कपाळावरचं कुंकू हिरवं, भटजी हिरवा, मागचा काका हिरवा. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी पोट धरून हसले असते.

"झालं का?" यांनी विचारलं.

मी यांच्याकडे पाहिलं. हे पडद्याकडेच बघत होते, डोळे पूर्ण उघडे.

"झालं ना? काय बदललं?"

"सगळं हिरवं झालं," मी म्हटलं.

"अच्छा." मग म्हणाले, "मला थोडा उजळल्यासारखा वाटला शालू. एवढंच."

मग यांनी स्वतः अदलाबदल परत केली, पुन्हा उलटी केली, पुन्हा परत केली. नवरी लाल व्हायची, हिरवी व्हायची. हे प्रत्येक वेळी विचारायचे, आता कोणती? मी सांगायची. शेवटी मीच हात धरला.

ठाण्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी एक पुस्तक समोर ठेवलं. त्यात रंगीत ठिपक्यांची वर्तुळं, आणि ठिपक्यांतून आकडा वाचायचा. पहिल्या पानावरचा यांनी वाचला. पुढच्या पानांवर हे बोट फिरवत राहिले. मला खुर्चीतून सगळे आकडे दिसत होते. डॉक्टरांनी पुस्तक मिटलं आणि विचारलं, कसल्या गोळ्या चालू आहेत? मी पिशवीतून सगळी पाकिटं काढून क्रमाने मांडली. त्यांनी एक पाकीट उचलून बाजूला केलं.

"ही आजपासून बंद. हिच्यामुळे काहींच्या डोळ्यांची नस दुखावते. आधी लाल-हिरवा जातो."

"परत येतो ना?" मी विचारलं.

"काहींचा येतो. सहा महिन्यांनी पुन्हा या, याच पुस्तकावर तपासू. तेव्हा जे दिसेल ते धरून चालायचं."

"फार जणांना होतं?" यांनी विचारलं.

"नाही. आणि साधारण माणसाच्या लवकर लक्षातही येत नाही. तुम्ही काय करता?"

 मी सांगितलं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर एक ओळ जास्त लिहिली.

टीबीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली आणि बाकीचा कोर्स पुरा करायला लावला. तो पुरा झाला. फोटो स्वच्छ आला. मी वेळापत्रक भिंतीवरून काढलं.

मधल्या काळात अंजूरचं काम द्यायचं होतं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी करते. डोळे माझे, अक्कल तुमची. पहिले दोन दिवस भांडणात गेले.

"शालू कसा लाल? कुंकवासारखा, डाळिंबासारखा, की विटेसारखा?"

"लाल."

"अगं, कसा?"

"लाल म्हणजे लाल. मी साडीच्या दुकानातसुद्धा याहून जास्त बघत नाही."

"तुला लाल एकच दिसतो, मला एकही नाही. चांगली जोडी जमली," असं म्हणून हे उठून जिन्यात जाऊन बसले.

मग यांनीच वाट काढली. बाण चित्रावर नेला की त्या ठिकाणी लाल किती, हिरवा किती, निळा किती, ते आकडे खाली दिसतात. आकड्यांना रंग नसतो. हे म्हणाले, माणसाच्या कपाळावर लाल सगळ्यात वर, हिरवा त्याच्या खाली, निळा त्याच्याही खाली, आणि अंतर एवढं. गोरा असो, काळा असो, अंतराचं माप फार बदलत नाही. मी कपाळं वाचत गेले, नवरीचं, नवऱ्याचं, भटजीचं, काकाचं. हे ऐकून सांगत गेले, लाल एवढा खाली, हिरव्याला हात लावू नको. एकेक चॅनेल हे काळ्या-पांढऱ्यात स्वतः बघायचे, तिथे यांची नजर अजून पक्की होती.

आत्यांनी कॅसेट पास केली. "आता कशी मानसं दिसतात," म्हणाल्या, आणि यांना म्हणाल्या, "येवरंच करायचं व्हतं तर येवरा टाइम का लावला, भाऊ?" हे टीव्हीकडे पाठ करून बसले होते. म्हणाले, "शिकतोय, काकू." त्यांना वाटलं, चेष्टा करतायत.

मला तेव्हा वाटलं, जमेल. आकड्यांवर धंदा चालवता येईल. मी तसा कागदही केला, कोणाचं कपाळ, काय अंतर. पण पुढच्या काही आठवड्यांत काळ्या-पांढऱ्यातही गडबड व्हायला लागली. ज्या ठिकाणी बघायचं नेमकं तिथेच धूर असल्यासारखं दिसतं, बाजूचं दिसतं, असं हे म्हणायला लागले. गोळी बंद होती तरी. मी फोन करून डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बंद केल्यावरही काही काळ असं होतं, थांबा. आम्ही थांबलो. केसांच्या कडा यांना दिसेनाशा झाल्या. एका नवरीचा अर्धा कान धबधब्यात गेला आणि तो आम्हा दोघांनाही पास करायच्या दिवशी कळला. ते काम आम्ही हात जोडून परत केलं. नवं घेतलं नाही. निळा पडदा मी धुऊन, घडी करून चाचांना देऊन टाकला.

दुसऱ्या वर्षी जागा सोडली. कॉम्प्युटर कल्याणच्या एका दुकानाला गेला. न्यायला आले तेव्हा हे घरीच थांबले. चाचांनी वरच्या मजल्यावर सुताच्या कांड्या भरायची मशीनं टाकली. यांना म्हणाले, "मेरे पास बैठो, माल गिनो, दिल लगा रहेगा." हे थोडे दिवस गेले. ताग्यांवरचे शिक्के वाचता येईनात, कोणाला तरी विचारावं लागायचं, मग जायचे थांबले. मी आता पूर्ण्याला एका गोदामात हिशेब बघते. सकाळी यांचा डबा झाकून ठेवते, रिक्षा पकडते, संध्याकाळी येते. हे खिडकीशी बसलेले असतात. पेपरची मोठी अक्षरं मान तिरकी करून वाचतात. लग्नाचा बँजो रस्त्यावरून गेला तर खिडकी लावून घेतात.

अलीकडे कधीतरी यांना वाटतं की थोडं सुधारतंय. परवा मी भाजी निवडत होते. हे जवळ आले, ताटातला एक टोमॅटो उचलून उजेडात धरला आणि म्हणाले, "हा लाल आहे." मी म्हटलं, हो. टोमॅटो दुसऱ्या कुठल्या रंगाचा असणार, हे मी म्हटलं नाही. यांनी तो हातात धरून ठेवला आणि विचारलं, "मी ओळखला की मला माहीत होता?"  टोमॅटो मी चिरून टाकला.

सहा महिने कधीच उलटले. पुस्तकावरची तपासणी राहिली आहे. मी पहिल्यांदा आठवण केली तेव्हा हे म्हणाले, पावसाळा जाऊ दे. दुसऱ्यांदा म्हणाले, दिवाळी होऊ दे. तिसऱ्यांदा सरळ बोलले.

"आत्ता मला माहीत नाही. तिथे गेलो की माहीत होईल."

"पण काही असलं तर इलाज तरी..."

"इलाज नाही म्हणून सांगितलंय त्यांनी. तेव्हा जे दिसेल ते धरून चालायचं, असं म्हणाले होते. तू होतीस ना समोर?"

होते. मी जोर करत नाही. पण दर महिन्याच्या यादीत ते काम घालते. गॅस, लाइटबिल, रेशन, चष्म्याची काडी, ठाणे-डोळे. महिनाअखेर बाकीच्यांवर काट बसते आणि हे एक मी पुढच्या महिन्याच्या यादीत पुन्हा लिहून घेते. १९९९चा शेवटचा महिना आहे. गॅस आला, बिल भरलं, रेशन आणलं, चष्म्याला नवी काडी बसवली. ठाण्याला जायचं राहिलं आहे.